कानाला खाच असलेलं कुत्रं



मारुंजीत आमच्या पत्र्याच्या खोल्यांमागं एक काळी कुत्री आहे. दोन वर्षांपूर्वी तिला सहा पिल्लं झाली, तेव्हा कचऱ्याच्या ढिगाजवळून कुणी गेलं की ती अंगावर यायची. सेकंड शिफ्ट करून रात्री येणाऱ्या बायका लांबचा रस्ता धरायच्या. मग एका प्राणी संस्थेची गाडी आली, जाळी टाकून तिला घेऊन गेली आणि आठवड्याच्या आत त्याच जागी आणून सोडली. कानाला खाच पाडलेली. बायका माझ्यावरच चिडल्या, कारण फोन मी केला होता. "न्यायला तुम्हीच लावली ना ताई, मग परत कशाला आणू दिली?"

हाच प्रश्न २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गाजला. ११ ऑगस्टला आदेश झाला की दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवा. २२ ऑगस्टला तो बदलला: नसबंदी करा, लस द्या आणि त्याच भागात सोडा, पिसाळलेली किंवा आक्रमक असतील ती मात्र सोडू नका. ७ नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्टेशनं इथली कुत्री हलवून पुन्हा तिथं सोडू नका असं सांगितलं. टीव्हीवर एक बाजू म्हणते सगळी उचला, दुसरी म्हणते हात लावू नका. दोन्हीकडच्या माणसांच्या घराला कंपाउंड आहे आणि गेटवर वॉचमन आहे. आपल्या घराला दार म्हणजे पत्रा, आणि आपली पोरं खेळतात ती गल्लीत. म्हणून या भांडणात बस्तीचं म्हणणं वेगळं असायला हवं.

मी कुत्र्याच्या भीतीला हसत नाही. सरकारी दवाखान्यात नोकरीला असताना आठ वर्षांचा एक मुलगा आला होता, सेंट्रिंगवर काम करणाऱ्याचा. दीड महिन्यापूर्वी हाताला कुत्रं चावलेलं. घरच्यांनी जखमेत मिरचीपूड भरली, भगताकडून दोरा बांधून आणला आणि जखम भरली म्हणून विसरून गेले. तो आला तेव्हा पाण्याचा ग्लास समोर धरला की त्याचा गळा आवळायचा. आई मला म्हणत होती, सिस्टर, सलाईन लावा ना. तिला काय सांगायचं? रेबीजची लक्षणं दिसायला लागली की जवळपास कुणीच वाचत नाही. तो तिसऱ्या दिवशी गेला.

देशभर झालेल्या एका मोठ्या पाहणीनं अंदाज काढला की वर्षाला सुमारे ९१ लाख लोकांना प्राणी चावतात आणि साधारण ५,७०० माणसं रेबीजनं मरतात. चावलेल्यांपैकी पाचातल्या एकानं एकही लस घेतलेली नव्हती. जगभरात अशा मरणाऱ्यांत १५ वर्षांखालची मुलं शंभरात चाळीस असतात.

आता त्या बायकांच्या प्रश्नाचं उत्तर. काळीला कायमची नेली असती तरी कचऱ्याचा ढीग तिथंच राहिला असता. आठ दिवसांत दुसरी कुत्री आली असती, लस नसलेली, आपल्याला न ओळखणारी. कानाची खाच म्हणजे तिची नसबंदी झाली आणि रेबीजची लस टोचली. पिल्लं नाहीत, म्हणून पिल्लांसाठी अंगावर धावणंही नाही. एक गोष्ट मात्र संस्थावाले सांगायला विसरतात. ती लस एकदाच टोचून भागत नाही, दरवर्षी द्यावी लागते. तीन वर्षांपूर्वीच्या खाचेवर विसंबू नका.

गोव्यात हे करून दाखवलंय. सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था, दोघांनी २०१३ ते २०१९ या काळात मोबाईलवरच्या नकाशावर गल्ल्या वाटून घेऊन वर्षाला ९५ हजारांवर कुत्र्यांना लस दिली. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस असली की रेबीज पसरायला वाट राहत नाही, हा त्यामागचा हिशेब. शाळाशाळांत जाऊन वर्षाला दीड लाख मुलांना शिकवलं. माणसांचे रेबीजचे मृत्यू थांबले, कुत्र्यांमधला रोग ९२ टक्क्यांनी घटला. कुत्री होती तिथंच राहिली.

आपल्यातले काही जण म्हणतील, हे सगळं फ्लॅटवाल्यांचं कौतुक आहे. ज्या लिफ्टमधून त्यांचं कुत्रं जातं, तिथं कामवालीला मात्र जिन्यानं जा म्हणतात. खरंच आहे, मी स्वतः ऐकलंय. ज्या चवदार तळ्याचं पाणी जनावरांना चालत होतं ते आपल्याला चालत नव्हतं, म्हणून १९२७ ला महाडला जावं लागलं. १९३१ मध्ये मणिभवनात बाबासाहेबांनी गांधीजींना तोंडावर सांगितलं की आम्हाला इथं कुत्र्या-मांजरांपेक्षाही वाईट वागवलं जातं. तो राग विसरायचा नाही. पण राग माणसांवरचा होता. राजगृहातला १९३४ चा फोटो तुमच्याही भिंतीवर असेल: बाबासाहेब, रमाई, यशवंत, मुकुंद, लक्ष्मीबाई. त्यात एक कुत्रंही आहे, टॉबी. बाबासाहेबांचं लाडकं.

काळीच्या पिल्लांतली दोन डंपरखाली गेली. एक आमच्याच गल्लीत राहिलं. तीन संस्थेनं नेली, औषधपाणी केलं, लसी दिल्या आणि घरं शोधून दिली. इकडं बावधनला रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट २००७ पासून जखमी, आजारी जनावरं आणून बरं करण्याचं काम करतो, आणि ज्यांना घर हवं त्यांना घर मिळवून देतो. देशी पिल्लाला घर मिळवणं सोपं नाही, कारण लोकांना 'जातीचं' कुत्रं हवं असतं. हे वाक्य मी आपल्याही घरात ऐकलंय, तेव्हा थोडं हसू आलं आणि थोडी लाज वाटली. पैसे मोजून आणलेली तीच जातीची कुत्री बदली झाली की मारुंजी रस्त्यावर सोडून दिलेली मी पाहिली आहेत.

शहरातल्या दुसऱ्याच एका शेल्टरवर मात्र माझा राग आहे. माझी शेजारीण तिथं पिल्लू मागायला गेली. फॉर्मवर पत्ता बघून तिला सांगितलं, बस्तीत आम्ही देत नाही. भाड्याची खोली सुटली की कुत्रं रस्त्यावर येतं ही त्यांची भीती खोटी नाही. पण मग घर बघायला या, माणसं बघा. पत्त्यावरून माणूस ओळखायची सवय आपल्याला नवी नाही. जी गल्ली रोज भाकरीचा तुकडा टाकते, तिथंच कुत्रं जगतं.

आणि चावलं तर? नळाच्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं जखम धुवा, घड्याळ लावून. मिरची, हळद, चुना काही नको. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा, लस फुकट आहे. पोटातली चौदा इंजेक्शनं कधीच बंद झाली, आता दंडावर घेतात. दवाखान्यात साधारणपणे पहिल्या दिवसानंतर ३, ७ आणि २८ व्या दिवशी बोलावतात. कार्डावर जी तारीख लिहितील ती पाळा. रक्त आलं असेल तर जखमेत सिरमही द्यावं लागतं, ते मागून घ्या. पिल्लू चावलं तरी जायचं, मांजर ओरबाडलं तरी जायचं. खाच असलेलं कुत्रं असलं तरी जायचं.

मारुंजी महापालिकेत जाणार ही चर्चा कित्येक वर्षं चालू आहे. तोवर आपण ग्रामपंचायतीत आहोत. पण २०२३ च्या नियमांप्रमाणे नसबंदी आणि लसीकरण ही पंचायतीचीही जबाबदारी आहे. येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेसाठी अर्ज तयार केलाय: बस्तीतल्या कुत्र्यांना दरवर्षी लस, नसबंदीसाठी संस्थेशी करार, आणि कचऱ्याची गाडी रोज. रविवारी वंदना झाली की मी विहारात सह्या घ्यायला बसते. येताना आपल्या गल्लीत कुत्री किती आणि त्यांतल्या कितींच्या कानाला खाच आहे, तेवढं मोजून या.