कपाटातल्या कॅसेटी

मंडळी, तुमच्यापैकी अनेकांच्या कपाटात साड्यांच्या मागे कुठेतरी मिनी-डीव्ही कॅसेटी पडून असतील. १९९५ साली हा प्रकार निघाला आणि पुढची दहा-बारा वर्षं मुंजी, बारशी, साठीशांत सगळं त्यावर उतरलं. "एकदा हे कॉम्प्युटरवर घ्यायला हवं," असं सगळेच म्हणतात. माझं मत असं, की हे काम याच वर्षी करावं आणि ते आपण म्हाताऱ्यांनीच करावं.

पहिलं कारण यंत्राचं. या कॅसेटी चालवायला तसाच कॅमकॉर्डर लागतो आणि त्यातून लॅपटॉपपर्यंत यायला फायरवायरची केबल. (बऱ्याच कॅमेऱ्यांच्या यूएसबीतून नुसते फोटो येतात.) नव्या लॅपटॉपना ते पोर्टच नसतं. ॲपलने तर २०२५ च्या मॅक ओएसमधून फायरवायर काढूनच टाकलं. तेव्हा घरात तसं पोर्ट असलेला जुना लॅपटॉप असेल, तर कृपा करून तो भंगारात देऊ नका. शिवाय आपल्याकडच्या पावसाळी हवेत टेपला बुरशी धरते, ती वाट बघत नाही.

मुलं म्हणतात, "बाबा, दुकानात देऊन टाका." दुकानातून बहुधा डीव्हीडी करून मिळते. तासाभराची कॅसेट जशीच्या तशी उतरवली तर सुमारे १३ जीबी होते आणि साध्या डीव्हीडीत मावतात ४.७. म्हणजे चित्र दाबून बसवणं आलं. एक टीबीच्या हार्ड डिस्कवर मात्र अशा सत्तरएक कॅसेटी आरामात राहतात. फक्त डिस्क फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल ती घेत नाही, वीसएक मिनिटांत गाडी अडते. म्हणून डिस्क रिकामी असतानाच एक्सफॅट करून घ्यावी.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. एका तासाची कॅसेट उतरायला पूर्ण एक तास लागतो. लोकांना ही कटकट वाटते. मी जन्मभर तासच घेतले, मला काय त्याचं! वही घेऊन बसतो आणि कितव्या मिनिटाला कोण आहे ते लिहितो. १९९९ च्या मुंजीत पंगतीमागून "अगं, आधी मीठ वाढा" असं कोणीतरी ओरडतं. ती माझी आई. चित्रात ती कुठेच नाही, आणि तिचा आवाज आता जगात तेवढाच उरलाय. हे दुकानदाराला कसं कळणार? नातवालाही नाही कळणार.

१९३१ चा 'आलम आरा', आपला पहिला बोलपट, त्याची आज एकही प्रत उरलेली नाही. मग घरच्या कॅसेटींची काळजी घरच्यांशिवाय कोण घेणार?

हार्ड डिस्कही कधीतरी बंद पडतेच. म्हणून दोन प्रती कराव्यात, एक दुसऱ्या कोणाच्या घरी ठेवावी. वहीच्या पानांचे फोटो त्याच फोल्डरात टाकावेत. मूळ कॅसेटी फेकू नयेत.

असो. माझ्या सात झाल्या, पाच उरल्यात. तुमच्या किती आहेत?