दरबाराची हद्द

पुणे जिल्ह्यातील अवसरी खुर्दहून फार दूर नसलेल्या खोडदच्या परिसरात, पोलादी तारांच्या जाळीच्या, 45 मीटर व्यासाच्या, रेडिओ दुर्बिणीच्या प्रचंड तबकड्या अतिदूरच्या दीर्घिकांतून येणाऱ्या क्षीण रेडिओलहरी टिपत उभ्या आहेत. त्यांच्याकडे पाहताना, परग्रहावर कोणी जीव असेल तर तो प्रभूच्या कृपेस पात्र ठरेल काय, हा प्रश्न आम्हांस पोरकट वाटत नाही. 2008 साली व्हॅटिकन वेधशाळेचे संचालक फादर फ्युनेस यांनी अशा जीवालाही बंधू मानता येईल, असे सांगितले. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी तर 1917 सालीच ‘देवाचा दरबार’ स्थापून बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात सामील करून घेतले. ज्या दरबारी दाखल होण्यास चर्चच्या दफ्तरातील नोंद लागत नव्हती, त्याची हद्द पृथ्वीपाशीच संपते, असे आम्ही मानीत नाही.