बेगमीचे कौतुक पुरे, आता हिशेब मांडा



शेतीमालाच्या भावाचा विषय निघाला की हल्ली एक उपदेश हमखास ऐकू येतो. 'सारखे भाव-भाव काय करता? घरामागे परसबाग लावा. घरचे पिकवा, घरचे खा, उरेल ते वाळवून ठेवा. बाजाराच्या नादी लागलात म्हणून कर्जात बुडालात. कोकणातला माणूस बघा, एवढ्याशा परसात कसा समाधानाने राहतो!' उपदेश करणाऱ्याच्या गॅलरीत मेथीची जुडीही उगवत नाही, पण ते जाऊ द्या.

ज्यांचे उदाहरण तुमच्या तोंडावर फेकले जाते, ते कोकणातले लोक म्हणजे आम्ही. रायगड जिल्ह्याच्या आतल्या अंगाला, सह्याद्रीच्या पायथ्याशी, महाड आणि पोलादपूर तालुक्यांत आमची घरे. तुमची काळी माती, कापूस आणि ज्वारी. आमची तांबडी माती, खाचरात भात आणि डोंगरउताराच्या वरकस जमिनीवर नाचणी-वरी. पिके वेगळी, पाऊस वेगळा. पण आमच्या नावावर तुम्हाला गप्प बसवले जात असेल तर त्याला उत्तर देणे आमचे काम आहे.

आगोट म्हणजे काय

महाडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. अकोल्याला वर्षभरात सात-आठशे. तुम्ही मृगाच्या पावसाची वाट बघता, आम्ही तो यायच्या आत घर भरायच्या घाईत असतो. या घाईला आमच्याकडे आगोट म्हणतात.

होळी झाली की कवळ तोडून आणायची, शेण-पातेऱ्याचे थर देऊन राब भाजायचा. त्याच दिवसांत अंगणात वाळवण पडते. तांदळाच्या फेण्या, पोह्याचे आणि नाचणीचे पापड. कैरीच्या फोडी मिठाला लावून वाळवल्या की आंबोशी होते. फणसाचा रस ताटात पसरून साटे घालायची, आठळ्या धुऊन राखेत ठेवायच्या. रातांबे फोडून साले वाळवायची, मिठाच्या रसात बुडवायची, पुन्हा वाळवायची. अशी चार-पाच पुटे दिल्याशिवाय चांगले आमसूल होत नाही. बिया टाकायच्या नाहीत, त्या कुटून उकळल्या की कोकमाचे तेल निघते. मिरची वाळवून मसाला कुटायचा. कुळथाचे पीठ, कडवे वाल, सुकट आणि बोंबील डब्यात भरायचे. लाकूडफाटा पडवीत रचायचा, गोवऱ्या झाकायच्या.

मिरग लागला की परसात मांडव घालून पडवळ, शिराळी, कारली, काकडीच्या बिया टोचायच्या. पुढे लावणी. चिखलात कमरेत वाकून दिवस काढायचे आणि घरी येऊन ओल्या फाट्यावर चूल पेटवायची. आषाढात टाकळा, कुर्डू, भारंगी रानातून खुडून आणायची. श्रावण-भाद्रपदात मांडवावरची भाजी सुरू होते. अश्विनात भात कापायचे, बियाण्याची मुडी बांधायची, कणगी सारवून भरायची. भात निघाले की त्याच ओलीवर वाल टाकायचे. वाल निघतात तोवर पुन्हा कवळ तोडायची वेळ.

पाहुण्याला हे सगळे चार दिवस बघायला फार गोड वाटते. या कामाचा आम्हालाही अभिमान आहे. पण अभिमान वेगळा आणि दाम वेगळे.

हा छंद नव्हे, वेढ्याची तयारी

कोकणातला माणूस बेगमी करतो ती निसर्गाच्या प्रेमापोटी नव्हे. वेढा पडणार हे ठाऊक असलेला किल्लेदार कोठार भरतो, तशी ती आहे. ओढ्याला पाणी आले की वाडी तुटते. घाट बंद झाला की बाजार तुटतो.

जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातल्या दासगाव, जुई, कोंडिवते आणि रोहन या गावांवर दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ ला तळीये गावची वाडी दरडीखाली गेली, ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातल्या केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरड आली, आंबेनळी घाटाचा रस्ता तुटला, महाड शहर पाण्यात बुडाले. अशा वेळी वरच्या वाड्यांना घरातल्या तांदळाचा आणि डब्यातल्या पिठाचाच आधार असतो. आणि पाणी ज्या घरांत शिरले त्या घरांतली वर्षाची बेगमी एका रात्रीत चिखलात गेली. पंचनाम्याच्या कागदावर मायबहिणींनी उन्हात काढलेल्या दोन महिन्यांच्या मजुरीला खाना नसतो.

म्हणून आम्ही सांगतो, बेगमी ही गरज आहे. ज्याला गरजेपोटी करावे लागते त्याच्या कामाला 'साधी राहणी' असे गोंडस नाव देणे ही थट्टा आहे.

तुमचा कापूस, आमची माणसे

आता जी गोष्ट उपदेशक कधी सांगत नाहीत ती सांगतो. आमची घरे परसावर कधीच चालली नाहीत. ती मनिऑर्डरीवर चालली.

चार गुंठे खाचर आणि एक डोंगराचा तुकडा यात कुटुंबाचे वर्ष निघत नाही. म्हणून घरटी एक-दोन पुरुष मुंबईला गेले. कित्येक गिरणीत लागले. तुमच्या वऱ्हाड-खानदेशात पिकलेला कापूस गिरणीत येई आणि त्याचे सूत काढायला कोकणचा आणि घाटावरचा माणूस साच्यावर उभा असे. मालकाने तुमच्या कापसाला आणि आमच्या माणसाला भाव किती दिला, ते दोन्हीकडच्या घरांच्या भिंती बघून कळते.

एवढ्या पगारात गिरणी कामगाराचे भागत होते कसे? भागत होते, कारण त्याची बायको, पोरे आणि म्हातारे आईबाप गावाला होते. त्यांना तांदूळ खाचराने दिला, भाजी मांडवाने दिली, आमसूल-सुकटीने कालवण दिले. गणपतीला आलेला चाकरमानी परत जाताना गाठोड्यात तांदूळ, कुळथाचे पीठ आणि पापडही घेऊन गेला. कामगाराच्या कुटुंबाला पोसण्याचा जो खर्च मालकाने पगारात द्यायला हवा होता, तो आमच्या परसाने भरला. म्हणजे आमच्या मायबहिणींनी गिरणी मालकाला सबसिडी दिली. सरकारच्या कुठल्या अंदाजपत्रकात ती कधी दिसली नाही.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. हजारो माणसे गावाला परतली आणि घरच्या कणगीवर पडली. मनिऑर्डर थांबली आणि मग सगळ्यांना कळले की कणगी सहा महिने पोट भरते, पण पोराची फी भरत नाही, औषध आणत नाही. परस पुरेसा असता तर महाड-पोलादपूरच्या वाड्या ओस पडल्या नसत्या. आज आमच्या कित्येक घरांना बाराही महिने कुलूप असते. ज्या स्वावलंबनाचे गोडवे गायले जातात, त्या स्वावलंबनाचे हे कुलूप आहे.

तुमच्या अंगणातही तेच

कोरडवाहू मुलखाला बेगमी शिकवायला कोकणाची गरज नाही. तुमच्याकडे ज्वारीची पेवे होती, भिंतीत बळदे होती, कणग्या होत्या. उन्हाळ्यात तुमच्या अंगणात कुरड्या, पापड, सांडगे आजही पडतात. खानदेशात ज्वारीच्या बिबड्या होतात. पेवे बुजली ती शेतकरी आळशी झाला म्हणून नव्हे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गहू दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये किलो ठरवला, जानेवारी २०२३ पासून ते धान्य फुकट झाले. गरिबाच्या ताटात अन्न पडते याचे आम्हाला दुःख नाही. पण फुकटच्या गहू-तांदळाशी कोरडवाहू ज्वारीने कोणत्या भावाने टक्कर द्यायची, हे सांगायला कोणी तयार नाही. त्याच २०२३ ला आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले, ज्वारी-नाचणीला 'श्री अन्न' म्हटले. नाव श्रीमंत झाले, पिकवणारा आहे तिथेच आहे.

आता हिशेबाची चलाखी बघा. हमीभाव सुचवणारा आयोग खर्च निरनिराळ्या रीतीने काढतो. खिशातून गेलेला खर्च तेवढा एका खात्यात. त्यात घरच्या माणसांच्या मजुरीची अंदाजाने भर घातली की दुसरे खाते. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याज धरले की तिसरे, म्हणजे पूर्ण खर्च. २०१८ च्या अंदाजपत्रकात 'दीडपट भाव दिला' अशी टिमकी वाजवली, पण ती दीडपट दुसऱ्या खात्यावर. जमीन आणि भांडवल जणू फुकटचे.

आणि कापूस निंदणारी, वेचणारी बाई घरी येऊन भाकरी थापते, वाळवण घालते, बी राखते, गुरांना वैरण घालते. या कामाला तर कोणत्याच खात्यात जागा नाही. ती हे काम करते म्हणून शेतकऱ्याचे कुटुंब तोट्याच्या भावातही जगते, आणि ते जगते म्हणून भाव वाढवायची कोणाला घाई नाही. आमच्या परसाने गिरणीचा पगार खाली ठेवला, तुमच्या परसाने कापसाचा भाव खाली ठेवला. परसबागेचा उपदेश करणाऱ्याला नेमके हेच चालू ठेवायचे आहे.

मग बेगमी सोडायची काय?

मुळीच नाही. घरात दाणा असलेला शेतकरी आणि नसलेला शेतकरी बाजारात सारख्या पायांवर उभा राहत नाही. ज्याच्या घरी खायची सोय आहे तो दिवाळीच्या गर्दीत पडेल भावाने माल टाकत नाही, चार आठवडे थांबू शकतो. बेगमी हे शेतकऱ्याचे थांबण्याचे बळ आहे. आमचा झगडा बेगमीशी नाही, बेगमीला भावाच्या जागी बसवणाऱ्यांशी आहे.

पण नुसते थांबूनही भागत नाही. कापूस घरात गंजी लावून ठेवला आणि सरकारने बाहेरून कापूस आणायला दार उघडले तर थांबणाराच मरतो. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे नेमका तुमचा कापूस घरात यायच्या वेळेला. ज्या सरकारला शेतकऱ्याने साठवावे, धीर धरावा असे वाटते, त्याने वेचणीच्या तोंडावर हे केले नसते.

माजघराची ताकद काय असते हे या चळवळीने फार पूर्वी ओळखले. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिला लाखोंनी जमल्या त्या आपल्या कामाचा हिशेब मागण्यासाठी. १९९१ मध्ये शरद जोशींनी सीताशेती, माजघरशेती, व्यापारशेती आणि निर्यातशेती अशी चार अंगे मांडली. त्यातल्या माजघरशेतीचा अर्थ 'घरचे खा आणि गप्प बसा' असा कधीच नव्हता. कच्चा माल विकून पक्का माल विकत घेण्याचा धंदा बंद करा, प्रक्रियेचा पैसा घरात आणा, असा होता. आमचे आमसूल आम्ही ओल्या भावात व्यापाऱ्याला द्यायचे आणि पाकिटात घातल्यावर ते शहरात चढ्या भावाने विकायचे, यात माजघर कुठे आहे?

मेळाव्यापुढे मांडायच्या गोष्टी

एक. येत्या उन्हाळ्यात गावातल्या दहा घरांनी तरी वहीत लिहावे: वाळवण, बियाणे, परस, गुरे यांत घरातल्या बाईचे किती दिवस गेले आणि गावच्या मजुरीने त्याचे किती झाले. ही वही जिल्हा मेळाव्यात आणावी. आकडा आपलाच हवा, दुसऱ्याच्या आकड्यावर लढाई होत नाही.

दोन. भाव पूर्ण खर्चावर, जमिनीचा खंड आणि व्याज धरून. अर्ध्या खर्चाची दीडपट नको.

तीन. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून आहे. आपल्या बाजार समितीत ज्वारीसाठी ती चालते का, चालत नसेल तर का नाही, हे संचालकांना मेळाव्यात उभे करून विचारावे.

चार. सुगीच्या तोंडावर आयात खुली करण्यास विरोध.

पाच. माजघरात तयार झालेला माल विकण्यासाठी नोंदणी आणि तपासणी गावात व्हावी. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने छोट्यातल्या छोट्या उत्पादकालाही नोंदणी सक्तीची केली आहे. स्वच्छता आम्हाला मान्य, पापड लाटणाऱ्या बाईने त्यासाठी तालुक्याला खेटे घालणे मान्य नाही.

यापुढे कोणी कोकणी परसाचे उदाहरण देऊन भावाची मागणी टाळू लागला, तर त्याला महाड-पोलादपूरच्या कुलूपबंद घरांचा पत्ता द्या. चावी कुठे आहे, ते आम्ही सांगू.

भीक नको, हवे घामाचे दाम! आणि तो घाम अंगणातलाही धरायचा.