कलावंतावरील माहितीपट: गौरव की समीक्षा?

कलावंत हयात असताना त्याची उपेक्षा करावयाची आणि निधनानंतर गौरवाचे सोहळे मांडावयाचे, हा आपल्या सांस्कृतिक व्यवहाराचा जुना शिरस्ता आहे. माहितीपटाचे माध्यमही त्याला फारसे अपवाद ठरलेले नाही. 1948 साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनने गायक-वादकांवर अनेक पट निर्माण केले. त्यांपैकी काही मोलाचे आहेत. परंतु पुष्कळांचा साचा ठरलेला असे: बालपण, गुरुगृह, साधना, पुरस्कार आणि शेवटी कृतार्थतेचे हास्य. यामागे साधे अर्थकारण आहे. खर्च शासनाचा, संस्थेचा वा कुटुंबीयांचा असेल, तर अप्रिय प्रश्न विचारण्याची मुभा दिग्दर्शकाला सहसा राहत नाही.

पाश्चात्त्य रॉक संगीतासारख्या बाजारपेठेवर पोसलेल्या क्षेत्रातही हे बंधन काहींनी झुगारले. 1970 साली प्रदर्शित झालेला ‘गिमी शेल्टर’ हा ‘रोलिंग स्टोन्स’ या वाद्यवृंदावरील पट त्याचे उदाहरण होय. डिसेंबर 1969 मध्ये कॅलिफोर्नियातील अल्टामाँट येथे या वृंदाचा कार्यक्रम चालू असतानाच एका तरुण प्रेक्षकाचा भोसकून बळी गेला. दिग्दर्शकांनी ते चित्रण वगळले नाही. उलट, गायक मिक जॅगर स्वतः ते पाहत असतानाचे दृश्य पटात घेतले. आपल्या मैफलीचा परिणाम कलावंताला पाहावयास लावणे, ही खरी समीक्षा.

मराठी मुलुखात या तोडीचा प्रयत्न आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’मध्ये आढळतो. 11 जुलै 1997 रोजी मुंबईतील घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. निषेधासाठी जमलेल्या लोकांवर झालेल्या पोलीस गोळीबारात दहा जणांचा बळी गेला. त्यानंतर चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपविले. पटवर्धनांच्या 1985 च्या ‘हमारा शहर’मध्ये ज्यांचा आवाज होता, तेच हे शाहीर. त्यानंतर सुमारे चौदा वर्षे चित्रण करीत पटवर्धनांनी तीन तासांहून अधिक लांबीचा पट सिद्ध केला. जानेवारी 2012 मध्ये तो प्रथम दाखविला गेला, तोही भायखळ्याच्या चाळीतील रहिवाशांसमोर.

या पटाने घोगरे यांना केवळ हुतात्मा म्हणून मखरात बसविले नाही. आयुष्यभर डाव्या चळवळीची गाणी गाणाऱ्या शाहिराने अखेरच्या क्षणी डोक्याला निळे कापड का बांधले, असा प्रश्न तो उपस्थित करतो. ज्या संघटनेसाठी ते गायले, तिनेच त्यांना दूर केले होते, हेही तो लपवीत नाही. वर्गाची भाषा बोलणाऱ्यांना जातीचे दुःख का उमगले नाही आणि शाहिराच्या चुलीची चिंता कोणी वाहिली, हे प्रश्न दिग्दर्शकाला वैचारिकदृष्ट्या जवळच्या असलेल्या मंडळींनाही चुकविता येत नाहीत. आपल्याच घराची झडती घेण्याचे हे धैर्य दुर्मीळ आहे.

वाशीमसारख्या जिल्ह्याने यातून काय घ्यावे? येथे जयंतीच्या रात्री भीमगीते रंगतात, तांड्यांवर होळीला लेंगी गायली जाते, गावोगावची भजनी मंडळे अजून टिकून आहेत. आज चित्रणाची साधने खिशात आली आहेत; उणीव आहे ती प्रश्न विचारणाऱ्या दृष्टीची. सत्कार आणि शाल-श्रीफळ यांचे चित्रण विपुल होते. परंतु गायकाला बिदागी किती मिळते, उरलेले वर्ष तो कोणाच्या शेतात राबतो, कोणत्या पक्षाच्या व्यासपीठावर त्याला गावे लागते आणि त्यासाठी कोणती ओळ गाळावी लागते, याची नोंद कोण ठेवतो? मराठी, समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन हे काम अंगावर घेतल्यास महाविद्यालयांना ते मुळीच अवघड नाही.

समीक्षा म्हणजे अवहेलना नव्हे. कलावंताच्या चुका, त्याची अगतिकता आणि समाजाने त्याच्याशी केलेला व्यवहार यांसह त्याला पाहणे, हाच त्याचा खरा सन्मान आहे. गाणारे वृद्ध कंठ एकेक करून मिटत आहेत. त्यांच्यामागे केवळ हार घातलेल्या तसबिरी उरल्या, तर पुढील पिढीला गाणे कदाचित ऐकू येईल. ते कोणत्या किमतीला गायले गेले, हे मात्र कधीच कळणार नाही.