दहा तारखेचे कोडे

बचत खात्यावरच्या व्याजाचा एक जुना नियम आमच्या पिढीच्या खातेदारांना तोंडपाठ होता. महिन्याच्या १० तारखेपासून अखेरच्या दिवसापर्यंत खात्यात जी कमीत कमी शिल्लक असेल, तिच्यावरच त्या महिन्याचे व्याज मिळे. त्यामुळे ९-१० तारखेला काउंटरपुढे पेन्शनर मंडळींची रांग लागे आणि ११ तारखेला पैसे भरायला आलेला माणूस हळहळे. १ एप्रिल २०१० पासून रिझर्व्ह बँकेने रोजच्या शिल्लकेवर व्याज द्यायला लावले. रांग संपली.

आता त्या काळातली व्याजाची आज्ञावली आजच्या एखाद्या पंचविशीतल्या मुलापुढे उघडली आहे, अशी कल्पना करा. मध्येच एका ओळीत १० हा आकडा आहे. का आहे, ते कुठेही लिहिलेले नाही. मुलगा हुशार आहे, पण त्याने ती रांग पाहिलेली नाही. त्याला ती चूक वाटेल. ओळ काढून टाकली तर नव्या हिशेबात काही बिघडणार नाही. पण २००८ सालच्या व्याजाचा वाद एखाद्या खातेदाराने उकरून काढला, तर बँकेला आपलाच जुना आकडा पुन्हा काढून दाखवता येणार नाही.

जगातल्या कितीतरी मोठ्या बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खाती आज अशा कोड्यांपुढे उभी आहेत. त्यांचा मुख्य हिशेब ‘मेनफ्रेम’ नावाच्या अवाढव्य संगणकांवर चालतो आणि त्यातला बराचसा ‘कोबोल’ या भाषेत लिहिलेला आहे. या भाषेची आखणी अमेरिकेत १९५९ साली सुरू झाली. लिहिणारी माणसे निवृत्त झाली, काही गेली. २०२० च्या एप्रिलमध्ये, कोरोनामुळे बेकारभत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला तेव्हा, न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणाऱ्यांनी मदतीला यावे असे जाहीर आवाहन करावे लागले.

मग हे जुने जू मानेवरून उतरवत का नाहीत? कारण ते चालते. रात्री व्यवहार थांबले की लाखो खात्यांचे हिशेब एका दमात होतात, सकाळी शाखा उघडते. बिघाड होतो तोही ठरावीक. आकड्याच्या जागी कुठून तरी कोरी जागा येते, यंत्र ‘एस-झिरो-सी-सेव्हन’ असा शेरा मारून थांबते आणि रात्री दोन वाजता कोणाला तरी झोपेतून उठवले जाते. जाणता माणूस नेमका कुठला रकाना बिघडला ते शोधतो. नवा माणूस सकाळपर्यंत चाचपडतो.

नव्या भाषेत उतरवतानाही गंमत असते. कोबोलमध्ये ‘राउंडेड’ असे स्पष्ट लिहिले नाही, तर रकान्यात न मावणारे दशांशापुढचे अंक सरळ तोडले जातात. नव्या आज्ञावलीने ते जवळच्या पैशात बसवले की दोन्ही हिशेबांत एका पैशाचा फरक पडतो. एका पैशासाठी रात्री नऊपर्यंत लेजरे चाळत बसलेल्यांना त्याचा अर्थ सांगायला नको.

आणि घाई केली तर काय होते, ते ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेने दाखवले. लॉइड्सपासून वेगळी झालेली ही बँक लॉइड्सच्याच जुन्या यंत्रणेवर चालत होती. २०१८ च्या एप्रिलमधल्या एका शनिवार-रविवारी तिने आपले ५२ लाख ग्राहक नव्या यंत्रणेवर नेले. माहिती नीट पोहोचली, पण यंत्रणाच कोसळली. सुमारे १९ लाख ग्राहकांना आपले खाते उघडता येईना. काहींना दुसऱ्याचेच खाते दिसू लागले. नंतरच्या चौकशीत निघाले की, दोन संगणक केंद्रांपैकी भाराची चाचणी एकाचीच घेतली होती. सगळे पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला. २०२२ साली बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड झाला. नव्या घरात जाण्यापूर्वी नळाला पाणी येते का, हे आपण साधी माणसेही पाहतो.

माझ्या एका शाखेतली गोष्ट. खाती मध्यवर्ती संगणकावर नेली आणि दोन महिन्यांनी एक आजी आल्या. नवऱ्याच्या निधनानंतर पैसे काढायचे होते. संगणक म्हणे, खाते एकट्या आजोबांचे. दुसरे नाव आणि ‘दोघांपैकी कोणीही’ हा शेरा जुन्या लेजरात लाल शाईने लिहिलेला होता. नव्या यंत्रणेत तो कोणी भरलाच नव्हता. रेकॉर्ड रूममध्ये तासभर धूळ खाऊन मी ते पान शोधले. आजी तोवर बाकावर बसून होत्या. पान वाळवीने खाल्ले असते, तर त्यांना वारसाचे कागद गोळा करत हिंडावे लागले असते.

हल्ली कृत्रिम बुद्धिमत्ता जुने कोबोल वाचून दाखवते, दुसऱ्या भाषेत उतरवूनही देते. ती ओळ काय करते हे ती चांगले सांगते, आणि ही मदत लहान नाही. पण लाल शाईचा शेरा ज्याने वगळला, त्याने तो आज्ञावलीतूनच वगळला होता. तिथे नसलेले वाचणार कोण? म्हणून मला वाटते, अशा कामाच्या खर्चात पहिली रक्कम निवृत्त कारकुनांना चहाला बोलावण्यासाठी ठेवावी.

माझी भाची पुण्यात बसून एका परदेशी विमा कंपनीची असली आज्ञावली तपासते. गेल्या महिन्यात तिचा फोन आला. “मामा, इथे साल ४० पेक्षा लहान असेल तर २० जोडलंय, नाहीतर १९. असं का?”

मी तिला ‘वायटूके’ची हकिकत सांगितली. जागा वाचवण्यासाठी सालाचे दोनच अंक ठेवण्याची जुनी रीत, २००० सालाची धास्ती आणि ते काम करायला पुण्या-मुंबईहून अमेरिकेला गेलेली आपल्या घराघरांतली मुले. सगळ्या तारखा चार अंकी करायला वेळ नव्हता, म्हणून पुष्कळ ठिकाणी अशी ठिगळे लावली. तिच्यापुढच्या ठिगळाची मुदत २०३९ ला संपते. आज वीस वर्षांची पॉलिसी घेणाऱ्याची मुदत त्या हिशेबाने गेल्या शतकात पुरी होणार!

त्या ओळीशेजारी ‘तात्पुरती दुरुस्ती, १९९८’ अशा अर्थाची टीप आहे आणि खाली तीन आद्याक्षरे. आडनाव आपल्याकडचेच असावे, असा भाचीचा तर्क आहे. आता पन्नाशी ओलांडलेला असेल तो. आणखी अशी ठिगळे कुठे कुठे लावली आहेत, हे तिला त्याला विचारायचे आहे.