दोन घरचा धनी



या सदरातून आपण खते, बियाणे, बीजप्रक्रिया, गोठ्याची निगा असल्याच गोष्टी बोलतो. आजचा विषय निराळा आहे. पण तोही शेवटी वारस नोंदीपाशीच येऊन थांबतो, म्हणून मला तो अगदीच परका वाटत नाही.

झाले असे की, पाटण तालुक्यातील माझ्या ओळखीचा एक शेतकरी कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आला. त्याचे वडील मुंबईला करी रोडजवळच्या एका गिरणीत साचेखात्यात कामाला होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा ते पटावर होते. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर कामावर असलेल्या कामगारांना अथवा त्यांच्या वारसांना सोडतीतून म्हाडाचे घर मिळण्याची योजना आहे. वडील वारलेले, तेव्हा वारस म्हणून याने अर्ज भरायचे ठरवले. बाकीच्या वारसांच्या संमतीचा कागद जोडावा लागेल, असे त्याला कोणी तरी सांगितले होते.

"मग आईची सही घे की," मी म्हटले.

तो जरा घुटमळला. "आईचं काय नाय साहेब. पर मुंबईला आमची एक मावशी हाय. अन् तिला एक पोरगी हाय."

ही 'मावशी' म्हणजे आईची बहीण नव्हे, हे मी ओळखले. घाटावर काय नि कोकणात काय, ज्या घरातला गडी गिरणीत होता त्या आळीत अशी एखादी मावशी सापडतेच. तिचे नाव कोणी मोठ्याने घेत नाही आणि विसरतही नाही.

एका रविवारी आम्ही दोघे करी रोडला उतरलो. लालबागकडून मिरची-मसाल्याचा खाट येत होता. जिथे भोंगे वाजत तिथे आता मान मोडेल इतक्या उंच इमारती उभ्या आहेत. त्यांच्या सावलीत जुनी चाळ, लाकडी जिना, दहा बाय बाराची खोली. सत्तरीच्या पुढच्या बाईंनी दार उघडले. पोराला पाहिले, आत घेतले, चहा टाकला. संपानंतर त्यांनी याच खोलीत खानावळ चालवून दिवस काढले. नवराही पुढे सात-आठ वर्षे तिथेच बसून खाई, मग गावी जाऊ लागला, आणि शेवटी गावीच वारला.

बाई बोलल्या ते त्यांच्याच शब्दांत सांगतो. "लगीन लालबागच्या एका देवळात झालं, १९७१ साली. दोन हार, एक नारळ. भटजी नव्हता. दुसऱ्या महिन्यात मी सदरा धुवायला काढला तर खिशात मनिआर्डरची पोच सापडली. मला वाचता येत नव्हतं, शेजारणीनं वाचली. बाईमाणसाचं नाव अन् खाली अंगठा. मी म्हटलं, बहीण असंल. ते म्हणाले, न्हाय."

एवढेच त्या बोलल्या. मी काही विचारले नाही. पोरगा खाली मान घालून बशीत चहा ओतत होता. ती मनिऑर्डर त्याच्याच शाळेच्या फीसाठी जात होती, असे परतीच्या गाडीत तो म्हणाला.

आता हे असे का होई? नुसता पुरुषांचा चावटपणा म्हणून सोडून देणे सोपे आहे, पण माझी शेतीची नजर मला तसे करू देत नाही. गावाकडची तीन एकर कोणी तरी कसायची, म्हातारा-म्हातारीला भाकर घालायची, गुरे राखायची. त्यासाठी थोरली गावी हवी. मुंबईत एका खोलीत पंधरा-वीस गडी पाळीपाळीने झोपत, खानावळीत जेवत. बाईचे घर मिळाले तर जेवण, धुणे, आजारपणात पाणी द्यायला माणूस. त्यासाठी धाकटी तिथे हवी. दोन्ही ठिकाणी बाईच्या कष्टाची गरज होती आणि दोन्ही ठिकाणी ते फुकट मिळत होते. एस्टर बोसरप नावाच्या डेन्मार्कच्या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९७० साली एक पुस्तक लिहिले. आफ्रिकेतील ज्या भागांत नांगर नाही, कुदळीने शेती होते आणि ती बायका करतात, तिथे ज्याला जास्त बायका त्याची जास्त जमीन वहिवाटीत येते, म्हणून तिथे अनेक बायका करण्याची चाल टिकली, असे त्यांनी त्यात दाखवले. आपल्याकडे नांगर आहे, तरी खुरपणी, लावणी, वेचणी बाईच्याच हाताची. तेव्हा आपण फार हसू नये.

धर्माने याला आधार दिला का? दिला. मनुस्मृतीत सांगितले आहे की, बायको वांझ असेल तर आठव्या वर्षी, मुलीच होत असतील तर अकराव्या वर्षी दुसरी करावी. भांडखोर असेल तर लगेच! गोव्यात पोर्तुगीज सरकारने १८८० साली हिंदूंच्या चालीरीतींसाठी हुकूम काढला. त्यातही बायकोला पंचवीस वर्षांपर्यंत मूल नाही, किंवा तिशीपर्यंत मुलगा नाही, तर पुरुषाला दुसरे लग्न करण्याची सवलत ठेवली. हजारो वर्षांचे अंतर, राज्यकर्ते परके, तरी ठपका त्याच बाईवर.

इथे मात्र मला माझ्या खात्याचे दोन शब्द बोललेच पाहिजेत. तुमच्यापैकी कित्येकांनी गाईला कालवडच व्हावी म्हणून सेक्स सॉर्टेड सीमेनची कांडी भरून घेतली असेल. ती निवड कशात केलेली असते? वळूच्या वीर्यात. गाईच्या अंगात काही निवडायचे नसतेच. नर की मादी हे नराच्या बीजावर ठरते, आणि माणसातही तसेच ठरते. हे गोठ्यात मान्य करणारा माणूस माजघरात मात्र 'हिला मुलीच होतात' म्हणून दुसरी आणायला निघतो. आणि मूलच होत नसेल तर? गाय दोन-तीनदा उलटली की आपण वळूची, कांडीची चौकशी करतोच ना? मग डॉक्टरकडे आधी एकट्या बायकोलाच का पाठवतात, हे मला तीस वर्षांच्या नोकरीत कोणी पटवून दिलेले नाही. जोतीराव फुल्यांना मूल नव्हते, दुसऱ्या लग्नाचा आग्रह झाला, तो त्यांनी मानला नाही. यशवंताला दत्तक घेतले.

दत्तकाचा हाच मुद्दा पुढे कोर्टात आला. मुंबई इलाख्यात १९४६ साली हिंदूंसाठी द्विभार्या प्रतिबंधक कायदा झाला. त्याआधी गंमत अशी होती की, नवरा जिवंत असता बाईने दुसरे लग्न केले तर तो फौजदारी गुन्हा, हिंदू पुरुषाने केले तर काही नाही. नव्या कायद्याखाली नरसू अप्पा माळी या गृहस्थांवर खटला झाला. हा आमच्या धर्मातील हात आहे, आणि मुसलमानांना मोकळीक असता आम्हालाच बंदी का, असा वाद मुंबई हायकोर्टात १९५१ साली झाला. मुख्य न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी तो मानला नाही. मुलगा हवा हे धर्म सांगत असेल, पण दत्तकही तोच धर्म सांगतो, तेव्हा दुसरी बायको ही काही धर्माची अट नव्हे, असे छागलांनी म्हटले. सुधारणा टप्प्याटप्प्याने करायची मुभा सरकारला आहे, असेही कोर्टाने ठरवले. पुढे १९५५ चा हिंदू विवाह कायदा देशभर लागू झाला. तो बौद्ध, जैन, शीख यांनाही लागतो. पारशांत ही बंदी १८६५ पासूनच होती. अनुसूचित जमातींना मात्र हिंदू विवाह कायदा सरसकट लागत नाही, त्यांच्यात जमातीची रूढी चालते.

मुसलमानांत चार बायकांपर्यंत परवानगी आहे आणि ती कायद्याने आजही आहे. कुराणात मात्र सर्वांना सारखा न्याय देता येत असेल तरच, अशी अट आहे. ही चाल आणि तोंडी तलाक बंद व्हावा म्हणून चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुस्लिम महिलांना घेऊन मोर्चाने गेले. सातच! पण त्या सात जणी घरातून बाहेर पडल्या हे केवढे धाडस होते, ते खेड्यातल्या बायकांना वेगळे सांगायला नको. दलवाईंनी १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले. एका दमात दिलेला तलाक सुप्रीम कोर्टाने २०१७ साली रद्द ठरवला, बहुपत्नीकत्वाचा प्रश्न राहिला. उत्तराखंडात जानेवारी २०२५ पासून समान नागरी कायद्याने त्यालाही बंदी आली आहे.

पारावर गप्पा निघाल्या की 'हे त्यांच्यातच चालते' असे कोणी तरी म्हणतोच. त्याच्यासाठी आकडे देतो. १९६१ च्या जनगणनेच्या वेळी झालेल्या पाहणीत अशा विवाहांचे प्रमाण आदिवासींत १५.२५ टक्के, बौद्धांत ७.९, जैनांत ६.७, हिंदूंत ५.८ आणि मुसलमानांत ५.७ टक्के निघाले होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नवऱ्याला आणखी बायको असल्याचे सांगणाऱ्या स्त्रिया मुसलमानांत १.९ टक्के, हिंदूंत १.३ टक्के. म्हणजे चाल सगळीकडेच ओसरली आहे, आणि संपलेली कुठेच नाही.

कायदा असून हिंदूंत ती कशी टिकली? वाट कोर्टाच्या निकालातच सापडली. १९६५ साली भाऊराव लोखंडे यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणाले की, दुसरे लग्न गांधर्व पद्धतीने झाले, होम आणि सप्तपदी झाल्याचे सिद्ध नाही, म्हणून ते लग्नच नव्हे. लग्न नाही तर गुन्हाही नाही! आरोपी सुटला. आमच्याकडे पाट, मोहतूर, देवळातले हार असे कितीतरी प्रकार. ज्याला दुसरी करायची त्याने भटजी बोलावला नाही की झाले. त्यात तक्रार पहिल्या बायकोने किंवा तिच्या माहेरच्यांनी करावी लागते. पोलीस आपणहून येत नाहीत. शिक्षा सात वर्षांपर्यंतची आहे, पण सासरच्या ओसरीवर राहून ती मागणार कोण?

आणि त्या दुसरीचे काय? १९८८ च्या यमुनाबाई आढाव यांच्या निकालात सुप्रीम कोर्टाने तिला पोटगी नाकारली, कारण कायद्याने ती बायकोच नव्हे. २०१३ साली दुसऱ्या एका प्रकरणात, तीही महाराष्ट्रातील बाईच, कोर्टाने म्हटले की, पहिले लग्न लपवून फसवले असेल तर त्याच फसवणुकीचा फायदा नवऱ्याला घेऊ देता येणार नाही, पोटगी द्यावी. मुलांची बाजू अधिक बळकट आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ प्रमाणे ती औरसच धरली जातात. सप्टेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केले की, वडिलोपार्जित जमिनीत बापाच्या वाट्याला जेवढे येईल त्यात या मुलांचाही हिस्सा आहे. चुलत्यांच्या वाट्यात मात्र नाही. वारस नोंद करताना दुसरीच्या पोराचे नाव गाळायची रीत गावोगाव आहे. नोंद तेवढ्यापुरती होते, पण पुढे दावा लागला की दहा वर्षे पेरणी-कापणी तारखांवर जाते. सोयरीक करताना मुलाची चौकशी गावीही करा आणि तो कामाला असेल त्या ठिकाणीही करा. लग्न झाल्यावर ग्रामपंचायतीत नोंदवा. १९९८ च्या कायद्याने तशी सोय आहे. तो एक कागद पुढे फार उपयोगी पडतो.

करी रोडच्या त्या खोलीत नळ घरातच आहे, सकाळी पाणी येते. मुंबईला जे पाणी मिळते त्यातला सर्वांत मोठा वाटा शहापूर तालुक्यातल्या भातसा धरणाचा. त्याच शहापूर तालुक्यात डेंगणमाळ नावाचे खेडे आहे. तिथे पाणी आणायला बाई कमी पडते म्हणून पुरुषांनी दुसरी, तिसरी बायको केल्याच्या बातम्या २०१५ च्या सुमारास देशाबाहेरही छापून आल्या. 'पाणीवाली बाई' म्हणत तिला. ती बहुधा विधवा नाही तर टाकलेली. डोक्यावर हंडे वाहायचे आणि त्या बदल्यात नवऱ्याचे नाव नि छप्पर. तिथे भटजीपेक्षा प्लंबर आधी पाठवायला हवा होता, असे मला वाटते.

असो. आम्ही ज्या कामाला गेलो होतो ते सांगायचे राहिले. बापाचे दुसरे लग्न कायद्याने रद्दबातल असले तरी ती मुलगी त्याची वारस आहे, तेव्हा तिची सही टाळता येणार नाही, असे मी पोराला आधीच सांगितले होते. वाटेत तो म्हणत होता, "पाच-दहा हजार देऊन कागद करून घेऊ." मुलगी पन्नाशीची, नोकरीला आहे. ती आली, कागद वाचला आणि म्हणाली, "दादा, अर्जात माझं पण नाव घाला. मला घर नको असं मी म्हणणार नाही."

पोरगा गप्प झाला. गावी आल्यावर त्याने आईला सांगितले. म्हातारी आता ऐंशीच्या घरात आहे, कानाने कमी ऐकते. त्याने दोनदा मोठ्याने सांगितल्यावर ती म्हणाली, "मग घाल की. तुझ्या बाला तिच्या आईनं संपात खाऊ घातलं, तवा तू का ग्येला न्हाईस भाकर घिऊन?"

अर्ज तिघांच्या नावे गेला आहे: म्हातारी, मुलगा आणि ती मुलगी. सोडतीत नंबर अजून लागलेला नाही. चाळीतल्या बाईंचे नाव अर्जात कुठेच नाही. अर्जात 'मयताशी नाते' असा रकाना होता. त्यात काय लिहायचे हे आम्हा तिघांनाही सुचले नाही आणि बाई म्हणाल्या, राहू द्या.