मुक्या सोबत्यांचे नवे घर

मे महिना लागला, परीक्षा आटोपल्या, की नागपुरात बिऱ्हाडे हलू लागतात. महालातील जुन्या वाड्यातून कोणी बेसा किंवा मनीषनगराकडील नव्या इमारतीत राहावयास जातो, तर कोणाची बदली होऊन अमरावतीचा वा चंद्रपूरचा संसार येथे येतो. घर बदलणे या शहराला मुळीच नवे नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. त्या दिवशी जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असलेले नागपूर मुंबई राज्यात आले आणि नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली. कचेऱ्या हलल्या, आणि त्यांच्यामागून कितीतरी कर्मचाऱ्यांची बिऱ्हाडेही हलली.

अशा वेळी घरातील माणसे एकेका वस्तूची किती काळजी घेतात! देव कोणी हातात घेऊन जावयाचे, लोणच्याच्या बरण्या कोठे ठेवावयाच्या, तुळशीची कुंडी वाटेत फुटणार तर नाही ना, आजोबांचा चष्मा कोणत्या पेटीत गेला, सगळ्यांचा विचार होतो. दारात बसून हा गोंधळ पाहणाऱ्या कुत्र्यांचा विचार मात्र सर्वांत शेवटी होतो. त्यातून ती दोन असली, की मोठी माणसे हळू आवाजात बोलू लागतात. ‘नवी जागा लहान आहे. एकाला नेऊ, दुसऱ्याला येथेच राहू देऊ. गल्लीत कोणीही भाकरी टाकील.’ काही घरी तर दोघांनाही मागे ठेवण्याचे ठरते.

हा विचार मला मान्य नाही. कुत्रा पाळावयाचा की नाही, हे आणण्यापूर्वी ठरवावे. एकदा त्याला आपल्या अन्नाची व आपल्या हाकेची सवय लावल्यावर, घर बदलले एवढ्याच कारणाने त्याचे आपल्याशी असलेले नाते संपत नाही. त्याला मनापासून हवा असे म्हणणाऱ्या ओळखीच्या कुटुंबाकडे सोपविणे निराळे, आणि ‘कोणीतरी पाहील’ म्हणून रस्त्यावर सोडणे निराळे. पहिल्यात निदान त्याची सोय लावलेली असते.

महाभारतातील महाप्रस्थानाची कथा तुम्ही ऐकली असेल. पांडव आणि द्रौपदी हस्तिनापूर सोडून निघाले, तेव्हा एक कुत्रा त्यांच्यामागून चालू लागला. वाटेत एकेक जण पडला. शेवटी युधिष्ठिर आणि तो कुत्रा एवढेच उरले. इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, की स्वर्गात कुत्र्याला जागा नाही, त्याला येथेच सोड. जो आपल्या आश्रयाला आला त्याला टाकून मिळणारा स्वर्ग युधिष्ठिराने नाकारला. पुढे तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता असे निघाले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण युधिष्ठिराने नकार दिला, तेव्हा त्याला ते ठाऊक नव्हते. त्याच्या दृष्टीने तो एक साधा, वाटेतला कुत्रा होता. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते.

‘गल्लीत राहील’ असे म्हणणाऱ्यांनी गल्लीकडे नीट पाहिलेले नसते. रस्त्यावरील प्रत्येक टोळीची हद्द ठरलेली असते. ओसरीवर वाढलेल्या कुत्र्याला तिच्यात जागा मिळवावी लागते, आणि ती बहुधा चावे खाऊनच मिळवावी लागते. त्याला उकिरड्यावर अन्न शोधणे माहीत नसते, वाहनांतून वाट काढणे माहीत नसते. तो कितीतरी दिवस बंद दारापाशी येऊन बसतो. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा आपल्या देशात १९६० साली झाला. उपासमार किंवा तहान यांनी हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण टाकून देणे, हा त्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी त्यात दंड लिहिला आहे तो दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांची धास्ती आज कोणाला वाटणार? म्हणून हा प्रश्न शेवटी घरातल्या माणसांच्या विचारावरच येऊन थांबतो.

रस्त्यावर कुत्री वाढली, की त्याचा त्रास साऱ्या वस्तीला होतो. नागपुरात हा वाद न्यायालयापर्यंत गेला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी सांगितले, की ज्यांना भटक्या कुत्र्यांना खाऊ घालावयाचे आहे त्यांनी त्यांना रीतसर दत्तक घ्यावे, आपल्या घरी न्यावे आणि मग खाऊ घालावे. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दत्तक घेण्याच्या या सक्तीला स्थगिती दिली. दोन्ही बाजूंची माणसे तळमळीने बोलत होती. एका बाजूला मुलांना चावा बसलेले आईबाप होते, तर दुसऱ्या बाजूला रोज भांड्यात भात घेऊन निघणारी दयाळू माणसे होती. मी त्या वादात कोणा एकाची बाजू घेत नाही. मात्र ज्या घराने आपली दोन कुत्री बरोबर नेली, त्या घराने या भांडणात निदान भर घातली नाही, एवढे कोणीही मान्य करील.

आता नव्या इमारतीतील शेजाऱ्यांकडे वळू. पुष्कळ ठिकाणी ‘येथे कुत्री चालणार नाहीत’ असे प्रथमच बजावतात. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ साली काढलेल्या सूचनांनुसार, रहिवाशांनी बहुमताने ठराव केला तरी पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. परंतु हा कागद हातात नाचवीत नव्या घरात शिरणे मला शहाणपणाचे वाटत नाही. वरच्या मजल्यावरील आजींना कुत्र्याची खरोखरच भीती वाटत असेल, तर ती भीती कागदाने जात नाही. जिन्यात कुत्र्याला साखळीने धरावे, त्याने घाण केली तर ती आपण उचलावी, आणि लस टोचल्याचा दाखला कोणी विचारण्यापूर्वीच दाखवावा. हा दाखला सर्वांत महत्त्वाचा, कारण पिसाळलेल्या कुत्र्याच्या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली, की माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. लुई पाश्चरने ६ जुलै १८८५ रोजी या रोगावरील लस प्रथम एका मुलाला टोचली. त्या मुलाचे नाव जोसेफ माइस्टर, वय अवघे नऊ वर्षे. तो वाचला. आज कुत्रा चावला तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच दवाखान्यात जावे, हे तुम्हांला माहीत असलेच पाहिजे. कुत्र्यांसाठी पशुवैद्यांकडे लस मिळते. नागपुरात तर १९५८ साली स्थापन झालेले पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तेव्हा या बाबतीत निमित्त सांगण्यास जागा नाही.

कुत्री बरोबर नेली म्हणजे काम संपले, असे मात्र समजू नये. मांजराची माया घरावर आणि कुत्र्याची माणसावर, असे म्हणतात. यावरून लोक अशी समजूत करून घेतात, की आपण बरोबर असलो म्हणजे कुत्रा कोठेही त्याच दिवशी रमतो. हे अर्धेच खरे आहे. तो माणसांवर प्रेम करतो, पण त्याचे जग नाकाने ओळखलेले असते. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी सुमारे ५० ते ६० लाख, तर कुत्र्याच्या नाकात त्या वीस कोटींच्याही वर असू शकतात. जुन्या घरात कोणत्या कोपऱ्यात आजी बसत, कोणत्या उंबऱ्यावरून मांजर जाई, दूधवाला कोठे थांबे, हे सारे त्याला वासावरून ठाऊक असते. नव्या घरात पाऊल टाकताच त्याला काय भेटते? ताज्या रंगाचा उग्र दर्प, ओल्या सिमेंटचा वास आणि अनोळखी माणसांच्या चपलांचा वास. ओळखीची एकही खूण तेथे नसते.

यासाठी एक अगदी साधा उपाय आहे, आणि तो बहुतेक घरांतील रीतीच्या उलट आहे. घर हलविताना आपण सारे काही धुऊन स्वच्छ करून नेतो. कुत्र्यांची गोधडी मात्र धुऊ नये. ज्या जुन्या गोधडीवर ती दोघे निजत असत, ती तशीच, केसांसकट न्यावी आणि नव्या घरातील एका शांत कोपऱ्यात घालावी. आईला हे पटविणे थोडे कठीण जाईल. पण त्या मळक्या गोधडीत त्यांचे सारे जुने घर असते. जेवणाची थाळीही जुनीच असावी, आणि जेवणाची व फिरावयास नेण्याची वेळ पूर्वीचीच ठेवावी.

वास्तुशांतीचा दिवस कुत्र्यांना सर्वांत जड जातो. होमाचा धूर, शंभर पाहुणे, दाराची सतत उघडझाप, भटजींचा चढता आवाज, आणि त्यातच कोणाच्या तरी लहानग्याने ओढलेली शेपटी! त्या दिवशी दोघांना मागच्या खोलीत, घरच्या एखाद्या माणसाच्या सोबतीत ठेवावे. हे काम घरातील मुलाने वा मुलीने आनंदाने पत्करावे. पंगतीतील जिलबी नंतरही मिळते.

दोन कुत्र्यांचा एकमेकांना आधार होतो. नव्या घरात पहिल्या रात्री ती एकमेकांना चिकटून निजतात. जोडी फोडू नये असे मी म्हणतो, त्याचे हेही एक कारण आहे. पण यातही एक मेख आहे. समजा, थोरला वाघ्या आणि धाकटा मोती अशी दोघे आहेत. जुन्या अंगणात वाघ्याची जागा पायरीवर आणि मोतीची विहिरीजवळ, अशी वाटणी ठरलेली होती. नव्या घरात ना पायरी, ना विहीर. वाटणी पुन्हा नव्याने व्हावयाची असते, आणि जन्मभर एकत्र खेळलेली कुत्री या काळात एकमेकांवर गुरगुरू लागतात. लोक म्हणतात, नवी जागा बाधली! तसे काही नसते. दोघांना दोन कोपऱ्यांत दोन थाळ्या द्याव्या, थोरल्याला आधी व धाकट्याला मग, रोज त्याच क्रमाने. आणि भांडण सोडविताना मध्ये हात घालू नये. म्हातारा कुत्रा असेल तर आणखी जपावे. त्याची दृष्टी मंद झालेली असते आणि तो आठवणीने चालत असतो. त्याच्यासाठी तरी खाटा-खुर्च्यांच्या जागा रोज बदलू नयेत.

नागपूरकरांना उन्हाविषयी निराळे सांगावयास नको. २०१३ च्या मे महिन्यात येथे पारा ४७.९ अंशांवर चढला होता. उन्हामुळेच विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागून उघडतात. पण शाळेला सुटी म्हणून घर हलवावयाचे तेही ह्याच दिवसांत, कधी कधी ऐन नवतपात! कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही. पंजाच्या गादीला थोडासा येतो, तेवढाच. बाकीची सारी उष्णता त्याला जीभ बाहेर काढून, धापा टाकून घालवावी लागते. म्हणून सामानाच्या बंद ट्रकमध्ये त्याला कधीही चढवू नये. तेवढ्या वेळात त्याचा जीव जाऊ शकतो. पहाटे निघावे, पाणी जवळ ठेवावे, आणि नव्या घरात कूलर सर्वांआधी लावावा. दुपारच्या डांबरी रस्त्यावर आपला पालथा हात पाच सेकंद टेकवून पाहावा. आपल्याला सोसवत नसेल, तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. दुसऱ्या गावाहून आगगाडीने यावयाचे असेल तर आधी नियम विचारावे. पहिल्या वर्गाचा पुरा कक्ष आपल्याच नावे राखला असेल तर कुत्रा आपल्याबरोबर राहू शकतो. एरवी त्याला गार्डच्या डब्यातील पेटीत प्रवास करावा लागतो.

पहिले पंधरा दिवस सर्वाधिक धोक्याचे. हमाल सामान चढवीत असतात, फाटक सताड उघडे असते, आणि एवढ्यात दोघे बाहेर पडतात. ती कोठे जातील? जुन्या घराकडे. बेसा ते महाल ही वाट त्यांनी ट्रकच्या खिडकीतूनही पाहिलेली नसते, तरी ती निघतात. यासाठी गळ्यातील पट्ट्यावर नवा पत्ता व दूरध्वनीचा क्रमांक घर सोडण्यापूर्वीच लिहून ठेवावा. नव्या वस्तीत त्यांना साखळीशिवाय सोडू नये, आणि फिरावयास एकाच रस्त्याने न्यावे. कोपऱ्यावरील कुत्री भुंकत धावून येतील. ती त्यांची हद्द आहे. धावू नये, दगडही उचलू नये. दोघांना जवळ घेऊन सावकाश पुढे जावे. आठ-दहा दिवसांत तेथील भुंकणे आपोआप कमी होते.

घर आपले झाले, हे कुत्री केव्हा ठरवितात? नव्या घरात ती आधी भुंकतच नाहीत. दार वाजले तरी गोधडीवरून नुसती मान वर करून पाहतात, कारण राखावयाचे घर कोणते हेच त्यांना उमगलेले नसते. मग एके दिवशी पहाटे जिन्यावर वर्तमानपत्र टाकणाऱ्या मुलाची पावले वाजतात, आणि थोरला उठून दारापाशी जाऊन खणखणीत भुंकतो. त्याच्यामागून धाकटाही. शेजारी जागे होतात, वडील रागावतात. त्या दिवशी गोधडी धुवावयास काढण्यास हरकत नाही.